दोन उतारांची नदी

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी मंडळी नवी वही पूजतात आणि त्यांचे वर्ष सुरू होते. आम्हा मास्तरांचे वर्ष जूनमध्ये, माळ्यावरच्या छत्र्या खाली आल्या की सुरू होते. कोयना नदीचे हिशेबाचे वर्षही 1 जूनलाच सुरू होते. त्या दिवशी धरणाच्या दफ्तरी जुने खाते मिटते आणि नवे खाते 67.5 या आकड्याने उघडते. म्हणजे असे, की पुढच्या 31 मेपर्यंत कोयनेच्या जलाशयातून पश्चिमेकडे, वीज करण्यासाठी, साडेसदुसष्ट टीएमसी पाणी सोडावे. त्याहून अधिक सोडू नये. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरच्या भाषेत 2,831 कोटी. पूर्वी आपल्याकडे शेर, मण, खंडी ही मापे लोकांच्या तोंडी असत. हल्ली आमच्या सांगली-साताऱ्याकडे चहाच्या टपरीवर बसलेला कोणीही गृहस्थ टीएमसीत बोलतो. ‘‘आज कोयना किती झाली?’’ हा प्रश्न जुलै महिन्यात प्रकृतीच्या चौकशीइतक्याच आपुलकीने विचारला जातो.

मी शिकवतो ते महाविद्यालय सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात आहे. आमच्या पूर्वेला आटपाडी, त्यापलीकडे सांगोला. पावसाळी ढग आपले सगळे ओझे सह्याद्रीवर उतरवतात आणि आमच्याकडे रिकाम्या हातांनी, पाहुण्यासारखे डोकावून जातात. कोयनानगरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या आटपाडीला पाचशेसुद्धा पुरते पडत नाहीत.

एके दिवशी वर्गात उपसर्ग शिकवत होतो. ‘अव’ची उदाहरणे विचारली. अवगुण, अवकळा, अवलक्षण, अवदसा अशी सगळी अमंगळ प्रजा फळ्यावर गोळा झाली. मागच्या बाकावरून आटपाडीकडचा एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, अवजल.’’

‘‘म्हणजे काय रे?’’

‘‘वाया गेलेलं पाणी. कोयनेचं. वीज करून झाली की समुद्राला जातं ते.’’

मी त्याला सांगितले की ‘अव’चा दुसरा अर्थ ‘खाली’ असाही आहे. अवतरणे, अवरोह हे शब्द त्याच घरातले. अवजल म्हणजे खाली उतरलेले पाणी, त्यात कमीपणा काही नाही. मुलाने मान डोलावली, पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही. ‘‘खाली उतरलेलं म्हणजे आमच्या हातून गेलेलंच की, सर,’’ तो म्हणाला. व्याकरणापाशी याला उत्तर नव्हते.

ते वर्ष 2023 चे. पावसाने ओढ दिली होती, कोयनेचे धरण काठोकाठ भरले नव्हते, आणि वर्ष सरता सरता शासनाने राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यात आमचा खानापूर तालुका होता. धरणातून सांगलीसाठी किती पाणी सोडायचे यावर पुढाऱ्यांची आपसात जुंपली होती. 2024 च्या मे महिन्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे केले, खांद्याला पिशवी अडकवली आणि हे अवजल आहे तरी कसे ते पाहायला निघालो.

पहिला मुक्काम कऱ्हाड. प्रीतिसंगमाची मौज अशी की इथे नद्या एकमेकींच्या कुशीत शिरत नाहीत, समोरासमोर येतात. एकीकडून कृष्णा, विरुद्ध बाजूने कोयना. जत्रेत अवचित गाठ पडलेल्या बहिणींसारख्या दोघी थबकतात आणि काटकोनात वळून मिळून पूर्वेकडे चालू लागतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. उन्हाळ्यात इथून पुढे कृष्णेला जी धार राहते ती बरीचशी कोयनेतून सोडलेल्या पाण्याची. धाकटी थोरलीला पोसते म्हणा ना.

कऱ्हाडहून चिपळूणची एस. टी. पकडली. कंडक्टर बोलका होता. पाटण मागे पडल्यावर त्याने खिडकीची काच सरकवली आणि म्हणाला, ‘‘आता घ्या हवा. इथनं पुढं पंख्याचं बिल नाही.’’ खरेच हवा बदलली होती. दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येत चालले होते, आणि रस्त्याच्या कडेने, भर मे महिन्यात, कोयना वाहत होती.

सोबत नकाशा असेल तर तो इथे उघडावा. दख्खनच्या बहुतेक नद्या सह्याद्रीत जन्मतात आणि सरळ पूर्वेची वाट धरतात. कोयना महाबळेश्वरला जन्मते, पण माहेर सोडवत नाही म्हणून की काय, सह्याद्रीच्या कडेकडेने, त्याला समांतर, 65 किलोमीटरच्या आसपास दक्षिणेकडे जाते. हेळवाकजवळ तिचा निश्चय होतो आणि मग ती पूर्वेला वळते. म्हणजे निम्म्या वाटेपर्यंत ती कड्याच्या इतकी जवळून जाते की मधला डोंगर पोखरला तर पाणी थेट कोकणात कोसळावे. इंजिनियरांच्या डोळ्यांत हे भरले नसते तरच नवल. खोपोली 1915, भिवपुरी 1922, भिरा 1927 या टाटांच्या वीजकेंद्रांनी हीच युक्ती आधी करून दाखवली होती: घाटमाथ्यावरचे पूर्वेला जाणारे पाणी अडवायचे आणि पश्चिमेला कड्यावरून सोडायचे. त्यातल्या मुळशीच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या तेव्हा 1921 मध्ये सत्याग्रह उभा राहिला आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. पाणी पूर्वेचे की पश्चिमेचे हा वाद त्या वेळी कोणाच्या तोंडी नव्हता. वाद जमिनीचा होता.

कोयनेचे काम 1954 मध्ये सुरू झाले. 103 मीटर उंच आणि 807 मीटर लांब अशी भिंत उठली; 1962 मध्ये पहिली वीज निघाली. जलाशयाला शिवसागर हे नाव मिळाले. आज त्यात 105.25 टीएमसी पाणी मावते.

मी गेलो त्या दिवशी मात्र शिवसागर आपले हाड न् हाड दाखवत पडला होता. काठाने तांबड्या मातीच्या पायऱ्याच पायऱ्या उघड्या पडलेल्या. प्रत्येक पायरी म्हणजे पाण्याच्या उतरत्या पातळीची खूण. बागेच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ऐन तारुण्यात त्यांनी धरणावर काम केले होते आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले होते. बोलता बोलता मी भूकंपाचा विषय काढला.

‘‘1967. डिसेंबरची 11 तारीख, पहाटे चार वाजून गेले होते,’’ ते म्हणाले. ‘‘घर पडलं आमचं. लोक आधी काय म्हणाले माहीत आहे? धरण आहे का बघा. आपली माणसं मोजायच्या आधी धरण आहे का बघा! कारण ते नसतं तर माणसं मोजायला कोणी उरलं नसतं.’’

धरणाला भेगा गेल्या, पण ते उभे राहिले. पुढे त्याला आणखी बळकटी दिली. माणसे मात्र पावणेदोनशेच्या वर गेली.

त्यांनीच मला हा सगळा कारखाना काडीने मातीत काढून समजावला. नवजाजवळ जलाशयातून पाणी बोगद्यात शिरते. पावणेचार किलोमीटर डोंगराच्या पोटातून जाते आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली, पोफळीच्या भूगर्भातल्या वीजगृहात आदळते. ते काम आटोपले की पाणी कोळकेवाडीच्या धरणात साठवतात आणि आणखी शंभराहून अधिक मीटर खाली, अलोऱ्याच्या वीजगृहाला पुन्हा एकदा राबवतात. चौथा टप्पा एकटाच 1,000 मेगावॉटचा. सगळे मिळून 1,960. चौथ्या टप्प्यासाठी 13 मार्च 1999 रोजी, तलाव रिकामा न करता, त्याच्या तळाखालून बोगदा खणत नेऊन शेवटचा खडक सुरुंगाने उडवला; तळ्याला खालून बूच काढावे तसे. 25 एप्रिल 2012 ला तोच प्रयोग पुन्हा केला. हेतू हा, की पातळी खूप खाली गेली तरी पाणी मिळावे.

‘‘आणि पूर्वेला?’’ मी विचारले.

‘‘पूर्वेला पायथ्याचं वीजगृह. वीस-वीसचे दोन संच. दोन्ही चालले की 2,100 क्युसेक पाणी नदीत. तुमच्याकडे येतं ते हे.’’ त्यांनी काडीने पश्चिमेला एक जाड रेघ आणि पूर्वेला एक बारीक रेघ ओढली आणि काडी फेकून दिली.

1,960 मध्ये 40. पूर्वेचे पाणी जवळजवळ सपाटीवरून जाते, त्याला वजन असते पण उंची नसते. पश्चिमेच्या पाण्याला कडा मिळतो. विजेच्या हिशेबात एकाच धरणाच्या दोन थेंबांना असा वेगळा भाव येतो. पिकाच्या हिशेबात तो भाव नेमका उलटा होतो. कोकणात पावसाळी पाणी मोप, उतार मोप. थेंब उतरला की पाच-पन्नास किलोमीटरांत खाडीला मिळतो. पूर्वेला गेलेला थेंब मात्र विहिरीत उतरतो, पिकात उतरतो, पुढच्या गावात पुन्हा उपसला जातो, कर्नाटकात जातो, आंध्र-तेलंगणात जातो. म्हणूनच कृष्णेच्या पाण्याचा तंटा जेव्हा बचावत लवादापुढे गेला तेव्हा या पश्चिमेच्या वाटेलाही मोजपट्टी लागली. लवाद 1969 मध्ये नेमला गेला. त्याने कृष्णेचे भरवशाचे पाणी 2,060 टीएमसी धरले. महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700, आंध्राला 800 असे वाटून दिले. खालच्या राज्यांचे म्हणणे, महाराष्ट्र नदीचे पाणी खोऱ्याबाहेर नेऊन समुद्रात ओततो. महाराष्ट्राचे म्हणणे, आमची गिरणी आणि आमचा दिवा त्यावर चालतो. त्यातून कोयनेपुरता निघालेला तोडगा म्हणजे तो साडेसदुसष्टचा आकडा. गंमत पाहा, तोच युक्तिवाद आता आटपाडीचा शेतकरी आपल्याच सरकारपुढे करतो.

धरणाने सुमारे शंभर गावे उठवली. माणसे सांगली, सोलापूर, रायगड अशी पांगली. 2018 मध्ये त्यांची मुले-नातवंडे कोयनानगरला येऊन दिवसच्या दिवस ठिय्या देऊन बसली होती. जमिनीचा हिशेब साठ वर्षे उलटली तरी पुरा झालेला नव्हता. ज्या राज्यात पाण्याचा हिशेब दर वर्षी 1 जूनला नेमाने मिटतो, त्याच राज्यातली ही गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभार्ली घाट उतरलो. वळणावर मुली पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन उभ्या होत्या. वीस रुपयांची करवंदे खात घाट उतरण्याइतके सुख मराठीच्या अध्यापकाला क्वचितच लाभते. उजवीकडे दरी, दरीच्या पलीकडे डोंगर, आणि त्या डोंगराच्या आत कुठेतरी माझ्याबरोबरच शिवसागराचे पाणी खाली उतरत होते. वीजगृहात जायला परवाना लागतो, तो माझ्यापाशी नव्हता. आणि खरे सांगायचे तर यंत्रांपेक्षा मला यंत्रांतून बाहेर पडणारे पाणी पाहायचे होते.

ते अलोऱ्याच्या पुढे कालव्यात दिसले. दोन्ही बाजूंच्या टेकड्या वाळून कोळ झालेल्या, विहिरींचे तळ दिसत असलेले, आणि मधून हे भरघोस, हिरवट, गार पाणी खळाळत चाललेले. हात घातला तर मनगटापर्यंत शहारा आला. पाण्याला ना गढूळपणा, ना वास. त्याचे काहीच खर्च झालेले नव्हते, खर्च झाली होती फक्त उंची. आमच्या वर्गातल्या त्या मुलाने हे पाहिले असते तर रडला असता, असे माझ्या मनात आले.

कालव्याचे पाणी वाशिष्ठीला मिळते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला जाते. चिपळुणात ज्या खानावळीत जेवलो तिथल्या मालकांना मी कोण, कुठला, कशाला आलो ते सांगितले. कोकणातला माणूस आधी ऐकून घेतो. त्यांनी आमटी वाढली, भात वाढला, आणि मग म्हणाले, ‘‘म्हणजे तुम्ही तुमचं पाणी बघायला आलात. बघा हो, खुशाल बघा. पण आम्ही ते कधी मागितलं होतं, तेवढं सांगा.’’

मी गप्प राहिलो. ते पुढे म्हणाले, ‘‘2021 च्या 22 जुलैला ह्या इथं, ह्या माळ्यापर्यंत पाणी होतं. तुमचं किती, आमचं किती, ते कोणी सांगावं? आणि आता उन्हाळ्यात वरची वीज बंद पडली की नदीचं पाणी उतरतं, नळाला पाणी येत नाही. आमच्या नदीला दोन ओहोट्या. एक समुद्राची आणि एक बटनाची.’’

महापुराला मुख्यतः वाशिष्ठीच्या स्वतःच्या खोऱ्यात झालेला अफाट पाऊस आणि गाळाने भरलेले पात्र कारण झाले, असे माझे वाचून झालेले मत आहे. त्यानंतर गाळ काढण्याचे कामही हाती घेतले गेले. पण ज्या गावची नदी बटनावर चालते त्या गावाने बटनाकडे संशयाने पाहिले तर त्याला दोष कसा द्यावा? संध्याकाळी लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात गेलो. 1864 पासूनची ही संस्था. 2005 च्या पुराने तिची पुस्तके भिजली, 2021 च्या पुराने पुन्हा भिजली, आणि तरी ग्रंथपाल, वाचक, वर्तमानपत्रे वाचणारी वृद्ध मंडळी आपापल्या जागी होती. पुराचे पाणी पुस्तकांत शिरले की कुठून आले हे विचारत नाही, ते आधी जुन्या बांधणीची सरस खाते.

आणि या भरल्या नदीच्या तालुक्यात, डोंगरावरच्या धनगरवाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरने पाणी पुरवावे लागते! नदी पायथ्याशी, वाडी माथ्यावर. खाली उतरलेले पाणी वर चढत नाही, ते चढवावे लागते. ही एवढी साधी गोष्ट पाण्याच्या सगळ्या भांडणांच्या मुळाशी आहे.

आमच्याकडच्या सभांतून आवेशाने सांगितले जाते, की कोकणात गेलेले अवजल परत पूर्वेला आणा. चिपळूणच्या पुढे ते मुंबईला न्यावे अशीही योजना अनेक वर्षे कागदावर फिरते आहे. लोट्याचे कारखाने वाशिष्ठीचे पाणी घेतातच. मुंबईचे काय व्हायचे ते होवो. पण परत पूर्वेला आणायचे म्हणजे काय? जेवढ्या उंचीवरून पाणी पडून वीज मिळाली, तेवढ्याच उंचीवर तेच पाणी चढवायचे तर मिळालेली सगळी वीज घालूनही ते चढत नाही, वर पदरमोड करावी लागते. यंत्र आपली दलाली जाताना घेते आणि येतानाही घेते. तेव्हा उतरलेल्या पाण्यासाठी गळा काढण्यात अर्थ नाही. प्रश्न उतरण्यापूर्वीचा आहे, वरच्या दरवाजावरचा आहे. कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, किती पाणी वर राखायचे?

पश्चिमेची बाजूही लंगडी नाही. औष्णिक वीजकेंद्र पेटवायला तासन्‌तास लागतात. कोयनेचे चाक काही मिनिटांत फिरू लागते. संध्याकाळी सहा ते दहा, सगळ्या महाराष्ट्राचे दिवे, पंखे, पाण्याच्या मोटारी एकदम सुरू होतात तेव्हा ही नदीच राज्याची लाज राखते. दिवसा सूर्याची वीज वाढू लागली तशी संध्याकाळची ही निकड कमी न होता उलट अधिक जाणवू लागली आहे. तरीही माझे मत विचाराल तर, भरल्या वर्षी साडेसदुसष्टला माझी हरकत नाही. पण 2023 सारख्या वर्षी पश्चिमेच्या वाट्यातून कापून पूर्वेची तहान आधी भागवावी, आणि हे ऐन उन्हाळ्यात पुढाऱ्यांच्या चढाओढीवर न सोडता ऑक्टोबरातच, धरणातला आकडा पाहून, ठरवावे. टंचाईच्या वर्षी अशी कपात पूर्वी झालेली आहे. अंधारात चार तास बसता येते. तहानलेले गुरू चार दिवस दावणीला बांधता येत नाही.

मात्र पूर्वेला गेलेले पाणी जाते कुठे, हेही डोळे उघडून पाहिले पाहिजे. म्हणून आलो त्याच वाटेने घाट चढून कऱ्हाडला परतलो आणि तिथून टेंभूला गेलो.

टेंभू हे कृष्णेकाठचे लहानसे गाव. मराठीच्या माणसाला ते आगरकरांचे जन्मगाव म्हणून ठाऊक. 14 जुलै 1856. इष्ट असेल ते बोलणारा आणि साध्य असेल ते करणारा हा माणूस इथल्या पाण्यावर वाढला. आज पंचक्रोशीत ‘टेंभू’ म्हटले की आगरकर आठवत नाहीत, पंप आठवतात. इथे कृष्णेवर बंधारा आहे. कोयनेने आणलेले पाणी त्यात अडते आणि तिथून एकामागून एक टप्पे चढत पूर्वेच्या पठारावर जाते. मूळ योजना 22 टीएमसीची, सातारा-सांगली-सोलापूर जिल्ह्यांतल्या 80,472 हेक्टरांसाठी. पंपगृहाच्या भिंतीजवळ उभे राहिले की जमीन पायांखाली गुरगुरते. जाड नळ टेकडीवर चढत गेलेले दिसतात. डोंगर चढणारे अजगर जसे.

आता गंमत लक्षात घ्या. एकाच धरणाचे पाणी पश्चिमेला पाडून आपण वीज करतो आणि त्याच धरणाचे पाणी पूर्वेला चढवण्यासाठी वीज जाळतो. सह्याद्रीच्या एका बाजूला उतार विकायचा आणि दुसऱ्या बाजूला चढ विकत घ्यायचा, असा हा व्यापार. त्याचे बिल जबर येते. थकबाकीपायी पंप थांबल्याचे दिवस आम्ही पाहिले आहेत. पुढे बिलाचे 81 टक्के शासनाने आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी भरावे अशी विभागणी ठरली, तेव्हा कुठे पंपांना श्वास मिळाला.

हे पाणी कोणी दान केलेले नाही. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, प्रतिसरकारच्या काळापासूनचे लढवय्ये, यांनी 1993 पासून आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या. दुष्काळी तालुक्यांतली माणसे ट्रकमधून, पायी, भाकरी बांधून यायची. त्या परिषदांतली मागणी नुसती ‘पाणी द्या’ अशी नव्हती. पाणी सगळ्यांना सारखे द्या, ज्याला जमीन कमी त्यालाही द्या, अशी होती. दुष्काळी माणसाने तहानलेल्या अवस्थेत वाटणीचा विचार करावा, याचा मला फार आदर वाटतो. माडगूळ गाव याच तालुक्यातले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 मध्ये आली. दुष्काळाने अख्खी वाडी उठून जाते ती कथा. आमच्या मुलांना ती आता समजावून सांगावी लागते, हा टेंभूच्या पाण्याचा परिणाम. डाळिंबाच्या बागा दिसतात, शेततळी दिसतात, विहिरींना उन्हाळ्यातही पाझर राहतो.

आणि ऊस दिसतो. इथे माझा आवाज थोडा चढतो, वाचकांनी क्षमा करावी. नदीकाठच्या काळ्या रानात पाट फोडून उसाला पाणी पाजण्याची जी खोड आम्हाला लागली, ती पाण्याबरोबर नळातून चढून पठारावरही आली आहे. एवढी वीज जाळून, एवढे टप्पे चढवून आणलेले पाणी उसाच्या सरीत मोकळे सोडलेले पाहिले की खोपोली-पोफळीच्या इंजिनियरांना दोष देण्याचा आपला अधिकार थोडा कमी होतो. ठिबकच्या नळ्या उपलब्ध आहेत, बंद नलिकेतून शेतापर्यंत पाणी न्यायची व्यवस्था होते आहे. पण पाटाला आलेले पाणी आपल्या पाळीत जास्तीत जास्त ओढून घेण्याचा मोह शास्त्राला ऐकत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी नेले. 12 तारखेला पहिली गाडी पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख. लोकांनी त्या गाडीला हार घातले. एक टीएमसी पाणी न्यायला तशा पन्नास वाघिणींच्या गाड्यांच्या अकरा हजारांहून अधिक फेऱ्या लागतील. तुमच्याआमच्या शिवारात एका पाळीत किती आगगाड्या जिरतात, हा हिशेब कोणत्याही साखर कारखान्याच्या फलकावर मी अजून लिहिलेला पाहिला नाही.

प्रवासाच्या शेवटच्या दिवशी आमच्याच बाजूच्या एका वस्तीवर गेलो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे ते घर. वस्ती कोयनेच्या धरणग्रस्तांची; साठ-बासष्ट सालात नदीकाठ सोडून ही माणसे या माळावर आली. टेंभूचे आवर्तन सुरू होते. अंगणाबाहेर पाट वाहत होता आणि पाटकरी सायकल टेकवून कोणाची पाळी किती वाजता संपते ते वहीत बघत होता. विद्यार्थ्याची आजी दारात बसली होती. गाव सुटले तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती.

‘‘आजी, हे तुमच्या गावचंच पाणी हो,’’ मी म्हणालो. ‘‘कोयनेचं.’’

‘‘नातू बी तेच म्हन्तो.’’ तिने तांब्या पुढे केला. ‘‘मी पिऊन बघितलं. आमचं पानी ह्यापरीस गार हुतं.’’

‘‘इतक्या लांबून, नळातून येतं ना.’’

‘‘तसं आसंल.’’ ती थोडा वेळ पाटाकडे पाहत राहिली. मग पाटकऱ्याला हाक मारून विचारले, ‘‘आरं, कवापातुर हाय म्हनायचं?’’

‘‘परवा सकाळपर्यंत, आजी. मग खालच्या गावाला.’’

आजीने नातवाला उठवले. हांडे, कळशा, बादल्या, जे काय घरात होते ते भरून ठेवायला सांगितले, आणि मलाही एक कळशी धरायला लावली.